मतदानाला जाण्याआधी नागपूरकर विचारतात ते प्रश्न

मी महापालिकेच्या शाळेत शिकवायची. नोकरीच्या काळात पाच निवडणुकांना मतदान अधिकारी म्हणून टेबलामागे बसले. निवृत्त झाल्यावर मानेवाड्यातल्या आमच्या गल्लीत निवडणूक लागली की लोक यादी बघायला माझ्याकडे येतात. पूर्वी विचारायचे, "मॅडम, बूथ कोणत्या शाळेत आहे?" आता विचारतात, "मॅडम, जाईल न मत बरोबर? नाव काढून तर नाही टाकलं?" लोकसभेच्या वेळी ही धास्ती जास्तच असते. घरात बाप-लेकाचं बोलणं बंद होतं, फोनवर रोज नवी अफवा येते. या धास्तीतला बराच भाग आधी काही गोष्टी तपासल्या की जातो, असा माझा अनुभव आहे. त्या गोष्टी कोणत्या, ते लोकांच्याच प्रश्नांतून लिहिते आहे.

माझ्याकडे मतदार ओळखपत्र आहे. मग अजून काय तपासायचं?

यादीत नाव. सगळ्यात जास्त माणसं इथेच अडतात, म्हणून याचं उत्तर लांबवते.

कार्ड तुमची ओळख सांगतं. मत देण्याचा हक्क मात्र यादीतल्या नावाने मिळतो. १९ एप्रिल २०२४ ला नागपुरात लोकसभेचं मतदान झालं, तेव्हा आमच्या शेजारचे काका सकाळी साडेसातला कार्ड घेऊन गेले आणि पाऊण तासात परत आले. कार्ड खरं, फोटो त्यांचा, पत्ता तोच. यादीत नाव नाही. "कार्ड आहे न माझ्याजवळ, मग काऊन नाही करू देत?" असं ते मला तीनदा विचारत होते. चाळीस वर्षांत एकही मतदान त्यांनी चुकवलं नव्हतं. टेबलामागच्या माणसांना त्या क्षणी काहीच करता येत नाही, कारण मतदानाच्या दिवशी यादीत नाव घालायचा अधिकार तिथे कोणालाच नसतो. त्यांच्याकडे वाद घालूनही उपयोग नाही.

म्हणून निवडणूक जाहीर व्हायची वाट न पाहता आजच बघा. निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा ॲपवर ओळखपत्राचा क्रमांक टाकला की नाव, यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि केंद्राचा पत्ता दिसतो. फोन जमत नसेल तर १९५० या क्रमांकावर विचारा, किंवा आपल्या भागाच्या बीएलओला, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याला गाठा. घरातल्या प्रत्येकाचं नाव वेगवेगळं बघा. नवऱ्याचं आहे म्हणजे बायकोचं असेलच असं धरू नका. दोघांची नावं दोन वेगळ्या केंद्रांवर असल्याचं मी कितीदा पाहिलं आहे.

यादी भाग आणि अनुक्रमांक कागदावर लिहून पाकिटात ठेवा. केंद्रावर पहिल्या टेबलावर हेच लागतं.

नाव नसेल तर?

नव्याने नोंदवायचं असेल तर नमुना ६ हा अर्ज. पत्ता बदलला असेल किंवा नावात, वयात, फोटोत चूक असेल तर नमुना ८. नमुना ७ हा नाव वगळण्यासाठी असतो, तो घाईत चुकून भरू नका. घरातलं कोणी वारलं असेल तर मात्र नमुना ७ आवर्जून भरा. यादीत राहिलेल्या मयतांच्या नावांवरूनच पुढे संशय वाढतात.

निवडणूक जाहीर झाल्यावर उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेला यादी गोठते. अर्जाची पडताळणी व्हायलाही दिवस लागतात, म्हणून त्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी अर्ज गेलेला असावा.

मुलगी नुकतीच अठराची झाली. तिला जानेवारीपर्यंत थांबावं लागेल?

नाही. आता वर्षातून चार पात्रता तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो. मतदानाचं वय २१ वरून १८ झालं ते १९८९ साली. तेव्हा मी नवी शिक्षिका होते, आणि दहावीला शिकवलेली मुलं तीन वर्षांत रांगेत दिसायला लागली, त्याचं मला फार अप्रूप वाटलं होतं.

आम्ही नागपूरचेच, मग आमचा खासदारही नागपूरचाच न?

नेहमी नाही. नागपूर लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा येतात: दक्षिण-पश्चिम, दक्षिण, पूर्व, मध्य, पश्चिम आणि उत्तर. पण वाडी, हिंगणा, बेसा, कामठी इकडे राहणाऱ्यांचं मत रामटेक लोकसभेत जातं. शहराच्या मधोमध बर्डीवर रोज कामाला येणारी माणसंही मतदानाच्या आदल्या दिवशी हे ऐकून चमकतात. दोन्ही ठिकाणचे उमेदवार वेगळे. तुमचं नाव कुठे आहे तेच बघा, पिनकोडवरून ठरवू नका.

मी नोकरीसाठी पुण्याला असतो, पण कार्ड नागपूरचं आहे.

नियम असा की जिथे तुम्ही नेहमी राहता तिथे नाव असावं, आणि ते एकाच ठिकाणी असावं. दोन ठिकाणी नोंद ठेवणं कायद्यात बसत नाही. पुण्याला कायमचे राहत असाल तर नमुना ८ भरून नाव हलवा. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना वसतिगृहाच्या पत्त्यावरही नोंदवता येतं. नाव अजून इकडेच असेल आणि मत द्यायला यायचं असेल तर तारीख जाहीर झाली त्याच दिवशी रेल्वेचं तिकीट काढा. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, गाड्या आधीच भरलेल्या असतात.

कार्ड सापडत नाही. दुसरं काय चालतं?

आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं, मनरेगाचं जॉबकार्ड, दिव्यांग ओळखपत्र, सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमातल्या नोकरीचं ओळखपत्र, यांतलं काहीही चालतं. यादीत आणखी दोन-तीन कागद आहेत, पण आपल्याकडे बहुतेकांना हेच लागतात. रेशन कार्ड चालत नाही. घरी येणारी मतदार माहिती चिठ्ठी २०१९ पासून ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही. ती फक्त क्रमांक शोधायला कामाची.

मूळ कागद न्या. फोनमधला फोटो दाखवू म्हणाल, तर फोन आत नेता येत नाही.

कार्डावर "जोशी"चं "जोषी" झालं आहे. परत पाठवतील का?

नाही. तुमची ओळख पटत असेल तर किरकोळ अक्षरांच्या चुका सोडून द्याव्यात असे आयोगाचे आदेश आहेत. जुन्या पत्त्याचं, दुसऱ्या विधानसभेतलं कार्डही चालतं, फक्त आताच्या केंद्राच्या यादीत नाव हवं. कार्डावरचा फोटो अजिबातच जुळत नसेल तर मात्र सोबत दुसरा पुरावा ठेवा.

किती वाजता जाऊ?

सातला. नागपूरचा एप्रिल तुम्हाला मी काय सांगू. २०२४ ला वेळ सकाळी ७ ते संध्याकाळी ६ होती. अकरानंतर शाळेच्या पटांगणात उभं राहणं म्हाताऱ्या माणसांना झेपत नाही. निघताना पोटभर पाणी, डोक्याला दुपट्टा, जमलं तर आंब्याचं पन्हं. आमची आजी उन्हात जाताना खिशात कांदा ठेवायची, मी अजूनही ठेवते. बीपी-शुगरच्या गोळ्या घेऊन, काहीतरी खाऊनच निघा. उपाशी पोटी रांगेत उभं राहून चक्कर आलेली बाई माझ्याच टेबलासमोर पडली होती. तिला पंख्याखाली बसवलं, साखरपाणी दिलं, आणि वीस मिनिटांनी तिने मत दिलं.

संध्याकाळी उशीर झाला तरी घाबरू नका. वेळ संपताना जे रांगेत उभे आहेत, त्यांना शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटतात आणि त्या सगळ्यांचं मतदान होईपर्यंत केंद्र चालू राहतं. पण सहाला एक मिनिट कमी असताना फाटकाच्या आत असायला हवं.

मालक सुट्टी देत नाही म्हणतो.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ब प्रमाणे मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी आहे, रोजंदारीवाल्यांनाही. पगार कापता येत नाही. जिथे काम बंद ठेवणं शक्यच नाही तिथे महाराष्ट्रात दोन-तीन तासांची सवलत द्यायला सांगितलेलं असतं. हिंगणा एमआयडीसीत, इतवारीच्या दुकानांत, घरकामाला जाणाऱ्यांना हे कोणी सांगतच नाही. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंना तुम्ही स्वतः सांगा.

आईचं वय ८७ आहे. तिला कसं नेऊ?

८५ वर्षांवरचे आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेले मतदार घरून मत देऊ शकतात. त्यासाठी नमुना १२ड अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. मुदत छोटी आहे, तारखा जाहीर झाल्या की लगेच बीएलओशी बोला. पथक घरी येतं, मत गुप्तच राहतं. एकदा हा पर्याय घेतला की मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही.

केंद्रावरच जायचं असेल तर वृद्ध, दिव्यांग आणि कडेवर लेकरू असलेल्या बायांना रांगेत थांबवत नाहीत. बूथवर व्हीलचेअर असते. दृष्टी नसलेल्या किंवा स्वतः बटण दाबता येत नाही अशा मतदाराला अठरा वर्षांवरचा सोबती आत नेता येतो. एका सोबत्याला त्या दिवशी एकाच मतदाराला मदत करता येते, आणि मत गुप्त ठेवीन असं लिहून द्यावं लागतं. मशीनवर ब्रेल अंकही असतात.

आत गेल्यावर नेमकं काय होतं? मी पहिल्यांदाच चाललो आहे.

पहिला अधिकारी यादीत नाव शोधून अनुक्रमांक मोठ्याने वाचतो. बाजूला बसलेले उमेदवारांचे प्रतिनिधी ते ऐकून आपल्या यादीत खूण करतात. दचकू नका, बोगस मतदान थांबावं म्हणूनच ते तिथे असतात. दुसरा अधिकारी डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो आणि चिठ्ठी देतो. ही शाई म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात तयार होते. तिच्यातलं सिल्व्हर नायट्रेट कातडीत उतरतं, म्हणून ती साबणाने जात नाही. तिसरा अधिकारी चिठ्ठी घेऊन कंट्रोल युनिटवरचं बटण दाबतो, मग तुम्ही पुठ्ठ्याच्या आडोशामागे जायचं.

तिथे यंत्रावर नावं, फोटो, चिन्हं. २०२४ ला नागपुरातून २६ उमेदवार होते. एका यंत्रावर १६ नावं मावतात, म्हणून दोन यंत्रं शेजारी शेजारी होती, आणि बरेच जण पहिल्याच यंत्रावर आपला उमेदवार शोधत गोंधळले. दोन्ही यंत्रं नीट बघा. सगळ्यात शेवटी "वरीलपैकी कोणीही नाही", म्हणजे नोटा, हे बटण असतं. निळं बटण दाबलं की लाल दिवा लागतो, शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या काचेत तुम्ही निवडलेल्याचं नाव, क्रमांक आणि चिन्ह छापलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग ती आत पडते आणि लांब बीप वाजतो. बीप ऐकल्याशिवाय निघू नका. ती सात सेकंदं काचेकडेच बघा, दुसरीकडे नाही.

आणि चिठ्ठीवर दुसऱ्याचंच नाव दिसलं तर?

तिथल्या तिथे केंद्राध्यक्षांना सांगा. तुमच्याकडून लेखी निवेदन घेऊन सगळ्या प्रतिनिधींसमोर चाचणी मत टाकायला लावतात. तक्रार खरी निघाली तर त्या यंत्रावरचं मतदान थांबतं. खोटं निवेदन दिल्यास शिक्षा आहे, म्हणून जे डोळ्यांनी पाहिलं तेच सांगा.

ईव्हीएमवर माझा विश्वासच बसत नाही. मत देऊन काय उपयोग?

हे विचारणाऱ्याला मी उडवून लावत नाही. शंका घेणं हा मतदाराचा हक्क आहे. मला जे स्वतः करून माहीत आहे ते सांगते. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी केंद्रावर प्रतिनिधींसमोर निदान पन्नास मतांची चाचणी होते, यंत्राचा आणि चिठ्ठ्यांचा आकडा जुळवतात, मग ती मतं पुसून यंत्र सील करतात. माझ्या ड्युटीच्या दिवशी मी पहाटे साडेपाचला बत्तीच्या उजेडात हे केलं आहे. संध्याकाळी एकूण किती मतं पडली त्याचा नमुना १७क प्रतिनिधींना सहीनिशी मिळतो. मोजणीच्या दिवशी ते आकडे जुळवता येतात. प्रत्येक विधानसभेतल्या ५ केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या हाताने मोजतात, म्हणजे नागपूर लोकसभेत ३० केंद्रांच्या. सगळ्याच चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली. त्यावर तुमचं मत वेगळं असू शकतं.

पण या सगळ्या तपासण्या चालतात त्या प्रतिनिधी हजर असतात म्हणून. ज्यांना शंका आहे त्यांनी घरी बसण्यापेक्षा आपल्या पसंतीच्या उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून पहाटे साडेपाचला केंद्रावर यावं. कितीतरी केंद्रांवर त्या वेळी खुर्च्या रिकाम्या असतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मी कोणाला मत दिलं ते नेत्याला किंवा घरच्यांना कळेल का?

तुमचं एकट्याचं मत कोणालाच कळत नाही. यंत्रात नाव साठत नाही, चिठ्ठीवरही मतदाराचं नाव नसतं. केंद्रनिहाय एकूण आकडे मात्र निकालानंतर सगळ्यांना दिसतात, म्हणून कार्यकर्ते वस्तीबद्दल अंदाज बांधतात. त्याच्या जोरावर कोणी "आम्हाला सगळं कळतं" असं धमकावलं तर तो थाप मारतो आहे.

बायांना वेगळं सांगते. घरातले जे म्हणतात त्याला मान डोलवा किंवा नका डोलवू, आडोशामागे तुम्ही एकट्याच असता. तिथे आत डोकावायचा हक्क नवऱ्यालाही नाही.

माझं मत आधीच कोणीतरी टाकून गेलं आहे म्हणतात!

परत जाऊ नका. शांतपणे म्हणा, "मला प्रदत्त मतपत्रिका द्या." ओळख पटल्यावर कागदी मतपत्रिका मिळते, तुम्ही शिक्का मारून दिली की ती वेगळ्या लिफाफ्यात बंद होते. न्यायालयाच्या आदेशाशिवाय ती मोजत नाहीत, हे ऐकून राग येईल. तरी मागाच. तेवढीच एक लेखी नोंद राहते की खरा मतदार आला होता.

याउलट कधी तुमचं नाव "गैरहजर, स्थलांतरित, मयत" अशा वेगळ्या यादीत सापडतं. त्यानेही मत जात नाही. केंद्राध्यक्ष जरा जास्त तपासणी करतात, कागद घेतात, आणि मतदान करू देतात. मयताच्या यादीत नाव असलेल्या एका आजीने मला विचारलं होतं, "बाई, मी तुले जित्ती नाही दिसत का?" मी त्यांच्या पाया पडले आणि नोंदवहीत अंगठा घेतला.

फोनचं काय करायचं?

घरी ठेवा. मतदान कक्षात फोटो काढणं गुन्हा आहे. केंद्राबाहेर फोन जमा करायची सोय करू असं आयोगाने २०२५ मध्ये जाहीर केलं आहे, पण गर्दीत फोन जमा करत बसण्यापेक्षा, आणलाच असेल तर, बाहेर थांबलेल्या घरच्या माणसाकडे देऊन जा. पक्षाचं चिन्ह असलेली टोपी, दुपट्टा, बिल्लाही नको. केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार चालत नाही.

कोणी पैसे वाटत असेल, किंवा गाडी करून नेतो म्हणत असेल?

निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिलवर फोटोसह तक्रार टाका, नाव न सांगताही टाकता येते. शंभर मिनिटांत कारवाई व्हावी अशी त्याची रचना आहे. उमेदवाराने मतदारांना गाडीने नेणं हा कायद्याने भ्रष्ट आचार आहे. शेजाऱ्याने आपल्या स्कूटरवर आजीला सोडणं म्हणजे तो नव्हे. दमदाटी होत असेल तर थेट ११२.

मतदान झालं, निकालाला महिना आहे. रात्री झोप लागत नाही.

२०२४ ला नागपूरचं मत पहिल्याच टप्प्यात होतं आणि निकाल ४ जूनला लागला. ४६ दिवस यंत्रं पहाऱ्यात होती, मोजणी कळमना मार्केटमध्ये झाली. मधल्या काळात एक्झिट पोल छापायला शेवटचा टप्पा संपेपर्यंत बंदी असते, म्हणजे फोनवर येणारे "अंदरकी बात" आकडे कोणीतरी बसल्या बसल्या लिहिलेले असतात. ते पुढे पाठवू नका. आमच्याकडे त्या दीड महिन्यात रात्रीच्या जेवणाला टीव्ही बंद ठेवायचा असं ठरलं होतं. धाकट्या दिरांना सुरुवातीला जड गेलं, मग तेही आंब्याच्या रसाचं बोलू लागले.

आणि ज्यांचं नाव नव्हतंच, त्यांनी?

शेजारच्या काकांना मी त्याच आठवड्यात नमुना ६ भरायला बसवलं. आधी ऐकेनात, "आता काय करायचं त्या नावाचं" म्हणाले. विधानसभेलाही हीच यादी वापरतात, म्हणून मी सोडलं नाही. बीएलओ घरी येऊन गेले, ऑगस्टमध्ये नाव चढलं, आम्ही ते माझ्या फोनवर दोघांनी मिळून दोनदा वाचलं. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं. सकाळी पावणेसातला मी फाटकाशी पोचले तेव्हा काका स्वेटर घालून आधीच उभे होते, यादी भाग आणि अनुक्रमांक लिहिलेला कागद हातात धरून.